आधी वही, मग तारपा: मुंबईच्या कॉलेजात आदिवासी विद्यार्थ्यांचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

जूनच्या शेवटी कुणीतरी तुमच्या हातात एक फाइल आणि कपाटाची किल्ली ठेवतं आणि म्हणतं, "या वर्षी आदिवासी विद्यार्थ्यांचं तुम्ही बघा." बघा म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. मला मिळालेल्या फाइलमध्ये तीन गोष्टी होत्या: मागच्या वर्षीच्या फ्लेक्सचं बिल, नाचाचे दोन फोटो आणि एका मुलाचा अर्धवट भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज. फोटोत ढोल वाजवतोय तो हाच मुलगा. मी विचारलं तोवर तो कॉलेज सोडून गावी गेला होता.

मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याकडची, कोकणा जमातीची. कसाऱ्याहून लोकल धरून मुंबईत शिकायला आले, शिकले, आणि नंतर काही वर्षं हेच काम केलं. कार्यक्रम वेगळा आणि मदत वेगळी, असं बहुतेक कॉलेजं धरून चालतात. कार्यक्रम सांस्कृतिक विभागाकडे, मदत ऑफिसकडे. पण मुलं तीच असतात, आणि ती ऑफिसच्या खिडकीशी बोलत नाहीत, तालमीत बोलतात. त्यामुळे खाली दोन्हींच्या पायऱ्या एकाच क्रमात लावल्या आहेत.

१. यादी मिळवा, पण बोर्डावर लावू नका

प्रवेशाच्या वेळची यादी ऑफिसकडे असते. ती मागून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा. 'खालील अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी ताबडतोब भेटावे' असा कागद नावांसकट नोटीस बोर्डावर लागलेला मी विद्यार्थी असताना पाहिलाय. त्यात माझंही नाव होतं. त्या दिवसापासून वर्गातल्या दोघी माझ्याशी जपून बोलायला लागल्या, आणि मी आठवडाभर ऑफिसकडे फिरकले नाही.

एकेकाला फोन करा. "कार्यक्रमात भाग घेणार का?" हा पहिला प्रश्न नको. "राहायचं कुठे झालंय? कागदाचं काही अडलंय का?" असं विचारा.

मग एक वही करा. माझ्या वहीत हे रकाने होते: नाव, गाव आणि तालुका, जमात, घरातली बोली, सध्या राहतो कुठे, फोन स्वतःचा की भावाचा, बँक कोणती, जात वैधता (जातीचा दाखला पडताळून मिळणारं प्रमाणपत्र) आहे की नाही, घरी शेवटचा कधी गेला. शेवटच्या रकान्याला लोक हसायचे. पण चार महिने घरी न गेलेलं पोर आणि दर शनिवारी घरी पळणारं पोर, दोघांचंही काहीतरी बिनसलेलं असतं. वही कुलपात ठेवा. ती तुमच्या विभागाची नाही, मुलांची आहे.

जमातीचा रकाना नीट भरा. मुंबईत आदिवासी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वारली चित्र येतं, आणि पुढे गाडी सरकत नाही. पालघर-ठाणे-रायगडची मुलं वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी असतील. नंदुरबार-धुळ्याकडची भिल्ल, पावरा, मावची. गडचिरोली-यवतमाळची गोंड, माडिया, कोलाम, परधान. यातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तिघांची गणना केंद्राने विशेष असुरक्षित गटांत केली आहे. त्यांच्यातून कॉलेजपर्यंत पोचलेलं मूल बहुधा घरातलं पहिलंच असतं, तिथे थोडं जास्त लक्ष द्या. आणि मुंबईतलेच आदिवासी विसरू नका. आरेतल्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरून येणारी मुलं 'मुंबईकर' म्हणून यादीत दिसतात आणि कुणी त्यांना विचारत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात आदिवासी एक कोटी पाच लाखांवर, म्हणजे ९.३५ टक्के होते. एका ढोलात मावणारा हा समाज नाही.

२. पहिला महिना: झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण

आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. अर्ज ऑनलाइन, निवड गुणवत्तेवर, आणि जागा मागणीपेक्षा नेहमी कमी. अर्ज भरला म्हणजे खोली मिळाली, असं समजून मुलं पिशवी घेऊन येतात आणि मग मावसभावाच्या नालासोपाऱ्यातल्या खोलीत सहावा माणूस होऊन राहतात.

वसतिगृह न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मुंबईसारख्या शहरासाठी तिची मूळ रक्कम वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. मुलांना आकडा सांगण्याआधी चालू वर्षाचा शासन निर्णय एकदा बघून घ्या.

खाचखळगा असा, की पैसे हप्त्याने येतात आणि खोलीमालक डिपॉझिट आजच मागतो. 'सरकारचे पैसे येणार आहेत' या वाक्यावर मुंबईत कुणी खोली देत नाही. म्हणून जून-जुलैपुरती सोय तुम्हालाच बघावी लागते. माजी विद्यार्थ्यांची एक यादी ठेवा. ज्यांच्याकडे एक गादी टाकायला जागा आहे, असे पाचजण पुरतात.

शहरातल्या वसतिगृहांत २०१८ पासून खानावळीऐवजी जेवणाचे पैसे थेट खात्यात यायला लागले. त्याविरुद्ध मुलं पुण्याहून नाशिककडे चालत निघाली होती. कागदावर ही सोय बरी दिसते. प्रत्यक्षात काय होतं ते एकदा मी पाहिलं. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा तालमीत सारखा बसून घ्यायचा. विचारलं तर म्हणे, "मॅडम, जेवणाचे पैसे आले ते घरी पाठवले, बहिणीचं लग्न होतं." महिनाभर दुपारी वडापाव आणि रात्री वडापाव. त्याला उपदेश करून काही होणार नव्हतं. कॅन्टीनवाल्या काकांशी बोलून एक खातं उघडलं, महिन्याअखेरीला मी आणि दोन प्राध्यापक ते भागवायचो. अशा खात्यावर मुलांची नावं लिहू नका, नुसते आकडे लिहा.

३. कागद: दिवाळीच्या आत

दिवाळीच्या आत का, ते आधी सांगते. मोखाडा, जव्हार, विक्रमगडकडची बरीच घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर किंवा बांधकामाच्या कामाला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घराला कुलूप, वडील भिवंडीकडे, शिधापत्रिका आजीच्या पेटीत. जानेवारीत तुम्ही कितीही फोन केले तरी तलाठ्यापुढे उभं राहायला गावात कुणी नसतं.

प्रत्येक मुलाकडे या गोष्टींच्या मूळ प्रती आणि तीन-तीन झेरॉक्स हव्यात:

- जातीचा दाखला (प्रांत कार्यालयाचा)
- जात वैधता प्रमाणपत्र, किंवा अर्ज केल्याची पावती
- चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- अधिवास दाखला
- दहावी, बारावी आणि मागच्या वर्षाच्या गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला
- शिधापत्रिका, आधार
- बोनाफाइड आणि फी भरल्याची पावती
- मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- वसतिगृहात असेल तर गृहपालांचा दाखला

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यावर उत्पन्न असेल तरी फीमाफीची वेगळी योजना त्याच पोर्टलवर आहे. 'आपल्याला बसत नाही' म्हणून बंद करून टाकू नका.

आता फसायच्या जागा.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसींना लागणारा, सधन गटात नसल्याचा दाखला. दरवर्षी कुठल्यातरी खिडकीवर हा दाखला एसटीच्या मुलाकडे मागितला जातो, आणि मूल बिचारं दोनशे किलोमीटर परत जातं. अनुसूचित जमातीला नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. हे मुलांना पाठ करून द्या, आणि खिडकीवर एकदा स्वतः जाऊन हसतमुखाने सांगून या.

आधारला जोडलेलं खातं. अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहा, पैसे जातात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. आश्रमशाळेत असताना उघडलेलं जुनं खातं, त्याचं पासबुक हरवलेलं, आणि दोन वर्षांचे पैसे तिथेच पडलेले, असं मी तीनदा सोडवलंय. कोणतं खातं जोडलंय ते आधार केंद्रावर किंवा बँकेत पाच मिनिटांत कळतं. वहीत त्याची तारीख घाला.

नावातला फरक. शाळेत 'लक्ष्मण', आधारवर 'लक्षिमन', बँकेत आडनाव आधी. हे पहिल्या वर्षीच दुरुस्त करा, शेवटच्या वर्षी ते डोंगराएवढं होतं.

अर्ज सबमिट झाला म्हणजे संपलं, हा चौथा गैरसमज. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग प्रकल्प कार्यालयाकडे जातो. मुलाने बरोबर भरलेला अर्ज कॉलेजच्याच लॉगिनमध्ये अडून बसलेला असतो. दर सोमवारी क्लार्कना विचारा, "किती पेंडिंग?" चिडतील. तरी विचारा.

४. जात वैधता: याला वेगळा दिवस द्या

इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या प्रवेशांत वैधतेशिवाय राखीव जागा हातची जाते. बीए-बीएस्सीच्या मुलांना ती लगेच लागत नाही, म्हणून ती निवांत असतात आणि पदवीनंतर धावपळ करतात. पहिल्याच वर्षी अर्ज लावा. कॉलेजचं पत्र लागतं, ते मागितल्याच्या दिवशी द्यायची व्यवस्था तुम्ही प्राचार्यांकडून करून घ्या.

काम कशावर ठरतं? जुन्या नोंदींवर. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे, म्हणून त्याआधीची नोंद मिळाली तर सोनं. आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४, जमिनीचे जुने फेरफार. अडचण एवढीच, की आमच्याकडच्या कित्येक आजोबांनी शाळा पाहिलीच नव्हती. अशा वेळी कोतवाल बुक तहसील कार्यालयातून काढावं लागतं. बऱ्याचदा ते मोडीत असतं, मग मोडी वाचणारा गाठून लिप्यंतर करून घ्यायचं.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झालेली असेल, वडील, काका, चुलतभाऊ, तर ते प्रमाणपत्र आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडाच. मामाची वैधता चालत नाही. दरवर्षी कुणीतरी मामाचीच घेऊन येतं.

नोंद स्पष्ट नसेल तर पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येतं आणि देव कोणते, लग्नात काय करता, मेल्यावर काय करता, असं विचारतं. मुंबईत वाढलेल्या पाड्यावरच्या मुलाला यातलं निम्मं ठाऊक नसतं. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही आप्तभाव चाचणी म्हणजे दाव्याचा अंतिम निकाल लावणारी कसोटी नव्हे. हे ठाऊक असू द्या, म्हणजे घाबरलेल्या पोराला धीर देता येईल. पण त्याला खोटी उत्तरं पढवू नका. "आजीला विचारून ये, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हण," एवढंच सांगा.

५. माणसं ओळखून ठेवा

प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, मुंबई. वसतिगृह, स्वयम्, शिष्यवृत्ती या सगळ्याचं गाडं तिथून हलतं. त्याच्या वर ठाण्याचे अपर आयुक्त, त्याच्या वर नाशिकचं आयुक्तालय. थेट वर पत्र पाठवण्यात शौर्य नाही. खालच्या टेबलावर पोच घ्या, पंधरा दिवस थांबा, मग त्याच पोचेची प्रत जोडून वर जा. पोच नसलेलं पत्र कुणी लिहिलंच नव्हतं असं धरतात.

कॉलेजमधला एससी-एसटी कक्ष आणि समान संधी कक्ष कागदावर असतोच. त्यातले सदस्य कोण, शेवटची बैठक कधी, ते विचारा. त्रास झाला तर मुलांच्या फोनमध्ये हे क्रमांक असू द्या: रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२, जातीवरून छळासाठी १४५६६, आणि मन फार खाली गेलं तर टेलिमानसचा १४४१६.

मनाचं म्हणाल तर निम्मा प्रश्न भाषेचा असतो. वर्गात मराठी माध्यमाचं मूल इंग्रजीला घाबरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते मराठीलाही घाबरतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. घरी कोकणा किंवा वारली बोली, शाळेत गुरुजींची मराठी, आणि इथे पुण्या-दादरची. नंदुरबारच्या एका पावरा मुलाने पहिलं सत्र तोंड उघडलं नव्हतं. प्राध्यापकांना वाटलं मठ्ठ आहे. तालमीला बोलावलं तर होळीचं गाणं म्हणताना त्याने सगळ्यांना कोरसमध्ये कुठे उचलायचं ते हाताने दाखवलं, आणि मग थांबेचना. पुढे त्यालाच सूत्रसंचालन दिलं, पावरीत सुरुवात, मग मराठी.

एक छोटी पण कामाची गोष्ट: सुट्टीत घरी जाताना रेल्वेच्या दुसऱ्या आणि स्लीपर वर्गात एससी-एसटी विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत असते. त्याचा फॉर्म कॉलेज भरून देतं, तिकीट खिडकीवर काढायचं. गडचिरोली-नंदुरबारच्या मुलांना ही सवलत कुणी सांगितलेलीच नसते.

६. कार्यक्रमाची तारीख ठरवताना

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९४ मध्ये जाहीर केला, १९८२ साली त्याच तारखेला आदिवासींविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती म्हणून. पण मुंबईत ९ ऑगस्ट म्हणजे क्रांती दिन. गोवालिया टँकला कार्यक्रम, एनएसएसची फेरी, आणि तुमचा हॉल आधीच गेलेला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लेखी मागणी द्या.

१५ नोव्हेंबर, बिरसा मुंडांची जयंती, २०२१ पासून जनजातीय गौरव दिवस. तेव्हा बहुधा परीक्षा किंवा दिवाळीची सुट्टी. मोठा कार्यक्रम तेव्हा करू नका, छोटं व्याख्यान ठेवा. बिरसांबद्दल सगळे बोलतात. मी म्हणेन, आपल्या जवळचे घ्या. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरेंना २ मे १८४८ रोजी फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात. रोज त्या स्टेशनावरून जाणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं. वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव १९४५ चा, म्हणजे कुणाच्या तरी पणजोबाने पाहिलेला. त्या मुलालाच घरून ऐकून यायला सांगा.

७. कलाकार, वस्तू आणि मान

इथे सावकाश जा, चुका इथेच होतात.

तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य: भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं, मेणाने सांधलेलं. नाचात तारपकरी मध्ये, बाकीची साखळी त्याच्याभोवती, आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. आता हे तुमच्या हॉलच्या मंचावर बसवून बघा. मंचाला एकच तोंड असतं. आयोजक म्हणतात, "प्रेक्षकांकडे बघून नाचा." मग नाच मोडतो. जमिनीवर, पटांगणात किंवा पोर्चमध्ये करा, प्रेक्षकांना गोल बसवा. स्टँडचा माइक लावू नका, तारपकरी एका जागी थांबत नाही. छोट्या आवारात माइकची गरजच नसते.

पहिल्या वर्षी मी जव्हारकडच्या एका बाबांना ९ ऑगस्टला बोलावलं. बाबा म्हणाले, "बाय, नवा भात आला नाही अजून. आमच्या पाड्यावर तेच्या आधी तारपा काढत नाहीत." मी फ्लेक्स छापून बसले होते. सगळीकडे हा नियम पाळतात असं नाही, पण विचारायला हवं होतं. त्या वर्षी बाबा आले, तारपा न वाजवता गोष्टी सांगितल्या, आणि दोन तास कुणी हललं नाही.

वारली चित्र भिंतीवर हवं असतं सगळ्यांना. गेरूवर तांदळाच्या पिठाने शेत काढा, नाच काढा, लोकलसुद्धा काढा. पण लग्नात भिंतीवर काढतात तो चौक रांगोळी म्हणून पायाखाली काढू नका. तो सवासणी काढतात, त्यात पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. दाराशी चौक काढून त्यावरून पाहुणे चालत गेलेले मी पाहिलेत, आणि आमच्याच मुली खाली मान घालून उभ्या होत्या. टी-शर्टवर चित्र छापायचं असेल तर गंजाड-डहाणूकडच्या चित्रकाराकडून काढून घ्या आणि पैसे द्या. या कलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, नेटवरून उचललेलं चित्र फुकटचं नाही.

बोहाडा म्हणजे देवांची सोंगं नाचवायचा उत्सव, त्याचे मुखवटे आमच्या मोखाड्याचे. ते सोंगाचे असतात, देवाचे असतात. फोटो बूथवर लोकांनी घालून बघायची ती टोपी नाही.

आणि एक सरळच सांगते: 'आदिवासी वेशभूषा स्पर्धा' ठेवू नका. दरवर्षी कुणीतरी पिसं आणि पानांचा झगा घालून 'हूहू' करत येतं. माझी आजी गुडघ्यापर्यंत लुगडं नेसायची आणि जमिनीचा दावा लढायला तहसीलला जायची. सूत्रसंचालकाला आधीच बजावा, 'मोहाची आणलीय का' हा विनोद चालणार नाही. तोच विनोद प्रमुख पाहुणेही करतात, तेव्हा त्यांनाही आधी भेटा.

८. पैसे, प्रवास, परवानगी

कलाकाराचं मानधन आधी ठरवा, लेखी सांगा. शाल आणि प्रमाणपत्र हे मानधन नव्हे. एका कॉलेजच्या लेखा विभागाने मला "तारपावादनाची तीन कोटेशन्स जोडा" असं सांगितलं होतं. मी हसले, पण बिल दोन महिने अडलं. आता मी कार्यक्रमाआधीच प्राचार्यांची टीप घेते, की कलाकार एकमेव असल्याने कोटेशन लागू नाही. कलाकाराचं पासबुक, आधार, असल्यास पॅन यांची प्रत आधी मागवा. प्रवासाचे पैसे मात्र रोख, आल्या दिवशी, हातात.

मंडळी आदल्या रात्री येणार, झोपणार कुठे? जिमखान्याची चावी मागून ठेवा. परतीला कसाऱ्याची किंवा डहाणूची शेवटची लोकल कोणती, आणि तिथून पुढे एसटी आहे का, ते बघून कार्यक्रमाची वेळ ठरवा. पाहुण्यांची भाषणं लांबली आणि आठ माणसं ढोलासकट रात्रभर कसारा स्टेशनवर बसली, हे माझ्या हातून घडलंय.

शाळा-कॉलेजच्या भोवतालचं १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं असू शकतं. उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर आधी पोलीस ठाण्यात जा, आणि रात्री दहानंतर आवाज नाहीच. हॉलच्या आत करत असाल तर कॉलेजची परवानगी, सुरक्षा विभागाला पत्र, पार्किंगची सोय, एवढं पुरतं.

सुरक्षा विभागाच्या पत्रात एक ओळ जास्तीची घाला: ढोल तापवण्यासाठी शेगडी. ऑगस्टच्या दमट हवेत ढोलाचं चामडं लोळागोळा होतं, त्याला ऊब दिल्याशिवाय आवाज उठत नाही. आमच्या पोरांनी पोर्चमध्ये वर्तमानपत्रं पेटवली आणि वॉचमन बादली घेऊन धावले. ढोल भिजला तो भिजलाच.

जेवण साधं: नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, भात, चटणी. कॅन्टीनमध्ये नागली थापता येत नाही. दोन मावश्या आरेच्या पाड्यावरून बोलवा, त्यांना मजुरी द्या आणि जेवणाच्या रांगेत नाही तर पाहुण्यांच्या ओळीत बसवा.

९. तालमीच्या कोपऱ्यात एक टेबल

तालीम कमीत कमी तीन आठवडे, संध्याकाळी साडेचारनंतर, लांब राहणाऱ्यांची लोकल सांभाळून. कोपऱ्यात टेबल, त्यावर स्टेपलर, पंच, कोरे कागद, चार्जर, इंटरनेट चालणारा एक लॅपटॉप आणि ती वही. बोर्ड लावू नका. थकून कुणी पाणी प्यायला आलं की आपोआप विचारतं, "मॅडम, माझा अर्ज लाल का दाखवतोय?" माझे निम्मे अडलेले अर्ज त्या टेबलावर सुटलेत. ढोल वाजवणारा मुलगा एका हाताने ताल धरून दुसऱ्या हाताने ओटीपी सांगतोय, हे दृश्य तुम्हालाही दिसेल.

मुली तालमीनंतर थांबतात. त्यांच्यासाठी एखाद्या मॅडम तिथे असू द्या. घरून लग्नाची घाई, मासिक पाळीत वसतिगृहातली गैरसोय, कुणाचं मागे लागणं, हे वहीत लिहायचं नसतं, ऐकायचं असतं.

१०. कार्यक्रमानंतरचे पंधरा दिवस

मानधन जमा झालं का ते कलाकाराला फोन करून विचारा, लेखा विभागाला नव्हे. फोटो वापरण्याआधी मुलांना दाखवा. कुणाला कॉलेजच्या माहितीपत्रकावर 'आमचे आदिवासी विद्यार्थी' म्हणून झळकायचं नसेल, तर तो फोटो काढून टाका. ज्यांनी भाग घेतला नाही त्यांना आधी फोन करा. वहीतले अडलेल्या कामांचे रकाने पुन्हा बघा, कारण दिवाळी जवळ आलेली असते.

एप्रिलमध्ये वही पुढच्या माणसाला द्या, तोंडी समजावून, तासभर बसून. तारपा विकत घेतला असेल तर तो उन्हात किंवा गरम कपाटात ठेवू नका, मेण वितळून सांधे सुटतात. सुती कापडात गुंडाळून वर टांगा. किल्लीच्या दोन प्रती करा. एक नव्या समन्वयकाकडे, एक वॉचमनकाकांकडे, कारण सुट्टीच्या दिवशी एखादं मूल गावाहून कागद घेऊन येतं आणि ऑफिस बंद असतं.